आधी आईचं मनगट

भोंगाबाईला राग आला की आधी तिचं नाक लाल व्हायचं, मग कान. कान लाल झाले की प्रसूतिगृहातल्या आया झाडू-बादल्या उचलून थेट वरचा मजला गाठायच्या. त्या दिवशी सकाळी दहालाच कान लाल झाले होते, कारण बाळंतपणाच्या खोलीच्या दारात पाच माणसं उभी राहून एका सुरात प्रार्थना करत होती. एका सुरात म्हणायचं आपलं. माणसं पाच होती आणि सूर सहा.

आता भोंगाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव ड्युटीच्या तक्त्यावर होतं आणि तिथेच राहिलं. तिच्याकडे एक लाकडी नळी होती, वीतभर लांब, एका टोकाला भोंग्यासारखी पसरट. पसरट टोक बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके मोजायचे. अठ्ठावीस वर्षं ती हेच करत आली होती. मधल्या काळात ठोके मोजणारी यंत्रं आली, भिंतीला टांगली गेली, दुरुस्तीला गेली, परत आली, पुन्हा गेली. नळीला ना बॅटरी लागायची ना मेकॅनिक. तिला लागायची फक्त शांतता, आणि तेवढ्यावर भोंगाबाई कोणाला सोडायची नाही. एकदा तपासणीला आलेले बडे डॉक्टर खाटेशेजारी उभं राहून फोनवर बोलत होते. तिने नळीवरचा कान हलवला नाही की डोळे उघडले नाहीत. हात लांब करून साहेबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि खाटेखालच्या रिकाम्या बेडपॅनमध्ये ठेवून दिला. ठोके मोजून झाल्यावर म्हणाली, "हं, आता बोला. धुतलेलाच आहे."

हे काम तिला शिकवलं ते मोठ्या सिस्टरनी. मोठ्या सिस्टर कमी बोलायच्या, पण एक गोष्ट रोज घोकून घ्यायच्या. "पोटाला कान लावायच्या आधी आईचं मनगट धर. घाबरलेल्या आईची नाडी बाळासारखीच पळते. मनगट हातात नसेल तर तुझा कान तुला फसवेल, आणि फसवताना अगदी गोड बोलेल."

भोंगाबाई देवाला मानणारी होती. रविवारी चर्चमध्ये मंडळी जमायची, तिथे शेवटच्या बाकावर बसायची. रोज ड्युटीला निघण्याआधी खुर्चीत पाव तास तोंड बंद करून बसायची, तीच तिची प्रार्थना. मागणं एका वाक्यात उरकायचं आणि उरलेला वेळ नुसतं ऐकत राहायचं. "काय ऐकू येतं गं?" असं बहिणीने एकदा विचारलं. "बहुतेक वेळा शेजाऱ्यांचं भांडण," ती म्हणाली. "पण ऐकू येवो न येवो, कान जागेवर असावा." म्हणून तर दारातल्या त्या पाच जणांचा तिला इतका संताप आला होता. बाहेरच्या कोणी गोंधळ घातला असता तर तिने दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं. ही आपलीच माणसं होती, आपल्याच मंडळीतली, आणि देवाच्या नावावर ओरडत होती.

पाच जणांत पुढे होते मंडळीत प्रवचन देणारे उपदेशक. आतल्या खाटेवरची मुलगी त्यांची सून, पहिलटकरीण. नवरा कामावर दूर होता, यायला रात्र होणार होती. सासू उशाशी बसलेली. उपदेशक मनाने वाईट नव्हते. मात्र आवाजाला त्यांनी कधी लगाम घातला नव्हता, आणि देव जरा लांब राहतो असाच त्यांचा समज असावा.

"उपदेशकसाहेब," भोंगाबाई नळी हातात घेऊन दाराशी आली. "देवाला ऐकू येतं हो. मला येत नाहीये."

"हो, हो सिस्टर. हळू करतो." दोन वाक्यं हळू झाली. तिसऱ्या वाक्याला पुन्हा छत हादरलं.

ती परत खाटेशी आली. यंत्र दुरुस्तीला गेलेलं. तिने पोरीच्या पोटावर नळी टेकवली, कान लावला, दुसरा कान तळव्याने दाबून धरला. बाहेर प्रार्थना, आत रागाने तिचंच रक्त उसळत होतं. त्या सगळ्यातून कुठेतरी ठोका सापडला. टक टक टक. तिने घड्याळावर मोजले. एकशे चोवीस. बाळाचे एकशे दहा ते एकशे साठच्या दरम्यान हवेत, म्हणजे उत्तम. कागदावर लिहून टाकलं, पुढे "ठीक" असा शेरा मारला आणि सही ठोकली.

पोरीने तिची बाही ओढली. काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेस?"

"काही नाही, घाबरलीय ती," सासूने परस्पर उत्तर दिलं. "पहिलंच आहे ना."

"घाबरू नकोस गं. सगळं छान आहे," भोंगाबाई म्हणाली. तिचं लक्ष दाराकडे होतं.

"छान आहे" एवढं कानावर पडायची खोटी, उपदेशकांचा चेहरा उजळला. "मला तर पहाटेच प्रभूने सांगितलं सिस्टर! इथेच, सुखरूप, काही कापाकापी नाही. स्पष्ट शब्दांत सांगितलं."

आता मात्र भोंगाबाईचा तोल गेला. "बोलला कधी तो? तुम्ही मध्ये श्वास तरी घेता का? बिचाऱ्याला एक शब्द टाकायला फट सापडायला नको? आणि कशावरून तो प्रभू? तुमचंच मन असेल! माणसाला जे हवं असतं ते त्याला बरोबर ऐकू येतं, आणि नाव मात्र देवाचं!"

मागच्या चौघांनी माना खाली घातल्या. उपदेशकांचं तोंड उघडं ते उघडंच. पाठमोरी होताना भोंगाबाईला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. कित्येक रविवार पोटात साठलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं. ती हात धुवायला नळापाशी गेली आणि मनातल्या मनात भाषण पुढे चालू ठेवलं. आणखी काय काय बोलायला हवं होतं, कोणता टोमणा राहून गेला, चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे कसं घालायचं, सगळं.

या भाषणाच्या ऐन रंगात मध्येच एक शब्द आला. मनगट.

तिने तो बाजूला सारला. हात धुवून झाले, पुसायला घेतले. मनगट.

धरलं होतं की, ती स्वतःला म्हणाली. मग आठवलं, धरलं नव्हतं. तो हात दुसरा कान दाबण्यात गुंतला होता. पण लिहून झालंय. ठोका चांगला होता. आणि आत्ता पुन्हा जाऊन तपासायचं म्हणजे त्या उपदेशकासमोर? आत्ताच त्याला एवढं झापलं आणि आता आपणच... छे.

तिसऱ्यांदा आला तेव्हा तिचा हात टॉवेलवर थांबला. तिचे स्वतःचे सगळे विचार त्या वेळी तापलेले होते, एकेक नुसता उकळत होता. हा शब्द तेवढा थंड होता. त्यात ना राग होता, ना घाई. ती मागे लागेल म्हणून तो थांबलाही नव्हता आणि ती ढकलते म्हणून गेलाही नव्हता. मोठ्या सिस्टरची आठवण म्हणा, की आणखी कोणी म्हणा. भोंगाबाईने त्याचं नाव ठरवलं नाही. टॉवेल टाकला आणि वळली.

"सगळे बाहेर. व्हरांड्याच्या पार टोकाला. आई, तुम्हीसुद्धा."

"अहो पण सिस्टर, मी उशाशी..."

"बाहेर."

आवाज असा होता की सासूबाई चपला हातात घेऊन गेल्या. दार बंद झालं. खोलीत इतकी शांतता पसरली की गळक्या नळाचा थेंब मोजता आला असता.

तिने पोरीचं मनगट एका हातात धरलं आणि नळीला कान लावला. कानात टक, बोटाखाली टक. कानात टक, बोटाखाली टक. दोन्ही एकाच वेळी.

मघाशी भोंगाबाईने मोजला होता तो बाळाचा ठोका नव्हताच. आईची घाबरलेली नाडी होती ती. हवा होता तो आकडा ऐकू आला आणि तिने बाळाच्या नावावर लिहून टाकला. अठ्ठावीस वर्षं! नवशिक्या पोरींना ज्या चुकीसाठी तिने रडवलं होतं, तीच चूक. आता तिला स्वतःचा जो राग आला त्यापुढे उपदेशकांवरचा राग म्हणजे काहीच नव्हता.

तिने पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, नळी खाली सरकवली, आणखी खाली, आणखी बाजूला. डोळे मिटले. फार खोलवर, जाड भिंतीपलीकडे कोणी दमून दार ठोठावावं तसं काहीतरी होतं. मोजलं. नव्वद. कळ आली तसं आणखी मंदावलं, आणि कळ ओसरली तरी सावरायला फार वेळ लागला.

"मघाशी काय म्हणत होतीस गं?" ती पोरीच्या तोंडाशी वाकली.

"हललं नाही." पोरीचे ओठ कोरडे पडले होते. "काल संध्याकाळपासून. आईंना सांगितलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले प्रार्थना करू. तुम्हालाही सांगितलं, सिस्टर."

भोंगाबाईने पोरीच्या कपाळावर क्षणभर हात ठेवला, फोन उचलून मोठ्या हॉस्पिटलला कळवलं, गाडी मागवली आणि दार उघडलं.

"गाडी येतेय. हिला ऑपरेशनला न्यायचंय. बाळ दमलंय."

"पण सिस्टर, मघाशी तर तुम्हीच छान म्हणालात!" उपदेशक पुढे आले. "आणि मला प्रभूने..."

"मी चुकले." हे तिने आयांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी आईची नाडी ऐकली आणि बाळाची म्हणून लिहिली. तुम्ही आज पहाटे तेच केलंत, उपदेशकसाहेब. स्वतःच्या मनाचा ठोका ऐकलात आणि देवाच्या नावावर लिहिलात. आपण दोघंही सारखेच. फरक एवढाच की माझ्यापाशी तपासायला मनगट होतं आणि तुमच्यापाशी विचारायला सून होती. तिला विचारलंत? काल संध्याकाळपासून ती सांगतेय. देव तिच्या तोंडून बोलत असेल, असं एकदा तरी वाटलं तुम्हाला? की तो फक्त उपदेशकांशीच बोलतो?"

उपदेशकांनी सासूकडे पाहिलं. सासूने जमिनीकडे.

"पोरी," भोंगाबाई वळली. "सही तुझी लागते. बोल."

"न्या मला," पोरगी म्हणाली. इतक्या हळू, की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

गाडीत भोंगाबाई गुडघ्यांवर बसली. एका हातात मनगट, कानाला नळी. ड्रायव्हरला दर वळणावर ओरडून सांगत होती, "हॉर्न बंद ठेव! मला ऐकू दे!" ऐंशी. नव्वद. पुन्हा ऐंशी. तिने काही मागितलं नाही. मागायला शब्द सुचेनात, आणि मध्येच आपण बोललो तर एखादा ठोका सुटेल अशी धास्ती होती.

दुपारी पावणेदोनला मुलगी झाली. निळसर, लुळी. अर्धं मिनिट रडलीच नाही. मग रडली. मांजराच्या पिलाने रडावं तेवढंच, पण रडली. तिला काचेच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

भोंगाबाईने तिथेच व्हरांड्यात बसून सकाळच्या कागदावरच्या "१२४, ठीक" वर आडवी रेघ मारली. वाचता येईल अशी. खाली लिहिलं, "ही आईची नाडी होती. मोजण्यात माझी चूक." वेळ घातली, सही केली.

"कशाला लिहिता सिस्टर?" उपदेशक शेजारी येऊन उभे होते. आवाज बसला होता, की त्यांनी बसवला होता, कोण जाणे. "देवाच्या कृपेने सगळं चांगलं झालं ना?"

"देवाची कृपा त्याच्या जागी," ती उसळली. "माझी चूक माझ्या जागी. एकीवर दुसरीचं पांघरूण घालू नका! रविवारी मंडळीसमोर देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा हेही सांगा, सगळं सांगा. नाहीतर मी शेवटच्या बाकावरून उठून सांगेन, बजावून ठेवते."

उपदेशकांनी तो कागद घेऊन खालची ओळ वाचली आणि परत दिला.

चारच्या सुमाराला सून शुद्धीवर आली. उपदेशक तिच्या खाटेशी गेले, सवयीने हात उंचावले, छाती भरून घेतली. मग कोण जाणे काय वाटलं, हात खाली आले. स्टूल ओढून ते बसले.

"पोरी," ते म्हणाले, "काय म्हणतेस?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. गुंगी होती, घसा सुकलेला. सासूने तोंड उघडलं, तर उपदेशकांनी हाताने तिला थांबवलं. दारातून भोंगाबाई पाहत होती. तिचे कान अजून लालच होते.

"बाबा," शेवटी सून म्हणाली, "ती कशी रडली, मी ऐकलंच नाही. सांगाल?"

उपदेशकांनी दाराकडे पाहिलं. ते रडणं ऐकलेली तिथे एकटी भोंगाबाईच होती. ती आत आली, पोरीच्या उशाशी वाकली आणि जमेल तेवढ्या बारीक आवाजात रडून दाखवू लागली.