मास्तरांचं 'कॅच्ड'

रंगनाथ मास्तर गेल्याचं मला परतूरच्या स्टेशनावर कळलं. सांगणाऱ्यानं टोपी काढली, मी काढली न्हाई. तीन आठवडे होऊन गेले, लोक अजून हळहळून राह्यलेत... मला काडीचंही वाईट वाटलेलं न्हाई.

मास्तर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. घरी मराठी, शाळेत सगळं उर्दूत, आणि वर हा इंग्रजीचा तास. क्रियापदांचा भूतकाळ ते वर्गाकडून ओरडून म्हणून घेत. 'गो'चं 'वेंट' कसं झालं, असं कुणी विचारलं की छडी. मंग एकदा त्यांनी 'कॅच', म्हणजे पकडणे, याचा भूतकाळ फळ्यावर 'कॅच्ड' लिहिला. माझ्या शेजारी युसूफ बसायचा. त्याचा बाप कापूस पिंजायचा, आणि पोराला जालन्याच्या मोठ्या शाळेत घालायचंच असं त्यानं मनात घेतलेलं. त्यासाठी मास्तरांच्या परीक्षेत पास होणं भाग होतं. आम्ही दोघांनी पुस्तक उघडून पाह्यलं, तर तिथं 'कॉट' होतं. युसूफनं पेपरात पुस्तकातलं लिहिलं, फळ्यावर चुकलेली अशी आणखी चार-पाच रूपंही. मी फळ्यावरचं लिहिलं. मास्तरांनी युसूफच्या पेपरावर फुल्या मारल्या आणि त्याला नापास केलं.

तो पुस्तक घेऊन त्यांच्यापुढं गेला. "मास्तर, किताबात बराबर हेच हाय," म्हणाला. मास्तरांनी पुस्तकाकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. मला उभं केलं. "तू हुशार ना वर्गात? सांग, काय खरं?" मला ठाऊक होतं काय खरं ते. मी 'कॅच्ड' म्हणालो... दुसऱ्या दिवशी युसूफचा बाप आल्ता, वर्गाच्या दाराबाहेर हात जोडून उभा राह्यला. मास्तर चहा पीत म्हणाले, "जबान लांब हाय त्याची. धंद्याला लावा." युसूफ कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, तो आजतागायत तिथंच आहे.

पुढच्या वर्षी आम्ही शेजारच्या खोलीत गेलो. एक दिवस भिंतीपलीकडून नव्या वर्गाचं ओरडणं आलं, 'कॅच, कॉट, कॉट'. म्हणजे मास्तरांनी पुस्तक पाह्यलं होतं. माणूस अडाणी असता तर मी सोडून दिलं असतं. पण यांनी आपली चूक गुपचूप पुसली आणि पोराला तसंच कापसात राहू दिलं. याला मी नीचपणा म्हणतो.

मागच्या रविवारी शाळेत शोकसभा झाली. मास्तरांच्या मुलानं मला गळ घातली, "काका, दोन शब्द बोला, तुम्ही त्यांचे लाडके." मी ठरवूनच गेल्तो की आज सगळं बोलायचं. युसूफ दाराशी बसला होता, केसांत कापसाचे तंतू. मी उठलो, हार घातलेल्या फोटोकडं पाह्यलं आणि म्हणालो, "मास्तरांनी आम्हाला कधी चुकीचं शिकवलं न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर युसूफ चपला घालत शांतपणे म्हणाला, "तवाबी तू असाच बोलला व्हतास."

तेव्हा मला कळलं, मी दोन्ही हात पाठीशी बांधून उभा होतो, मास्तरांच्या वर्गात राहायचो तसा.