कण्हेर ओळखणाऱ्या सुशीलाताई

भडगावच्या मुलींच्या शाळेत रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी सुशीलाताईंनी माझ्या हातातलं फूल काढून घेतलं. फाटकाजवळच्या झुडपाचं ते गुलाबी फूल चाळा म्हणून मी दातांत धरणार होतो. "कण्हेर आहे, सर. देवाला वाहा, तोंडात घालू नका," म्हणत त्यांनी मला नळावर हात धुवायला पिटाळलं.

ताई विज्ञान शिकवत. उन्हाळ्यात गिरणा आटली, काठ करपला, की मुलींना हिरव्यागार, फुललेल्या कण्हेरीपाशी नेऊन विचारत, "शेळ्या काटेसुद्धा खातात, मग हिला का सोडतात?" तीन-तीनच्या वेढ्यात बसलेली लांबट पानं त्या दाखवत. "पान, फूल, साल, मूळ, सगळं विषारी. वाळली तरी विष जात नाही. पण म्हणून हिचा राग करू नका. ओळख ठेवा आणि लांबून नमस्कार करा."

एका हिवाळ्यात संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी धुळ्याच्या पाहुण्यांसाठी नदीकाठी भरिताचा बेत केला. आम्ही शिक्षकही होतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली, पण सखाराम आचारी मुसळ घरीच विसरला होता. त्यानं काठावरची एक जाड फांदी तोडली, सोलली आणि काठवटीत वांगी ठेचली. ताई जरा उशिरा आल्या. चुलीजवळ पडलेली, तीन-तीनच्या वेढ्यातली लांबट पानं पाहून त्यांनी सखारामला विचारलं, "ठेचलं कशानं?"

"या हिरव्या काठीनं, ताई. काय व्हस त्याले?"

ताईंनी काठवट उचलली आणि सगळं भरीत वाळूत पालथं केलं.

आबासाहेब लालबुंद झाले. "बाई, पाहुण्यांसमोर अन्न मातीत घालता?"

ताईंची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ते आबासाहेबांच्याच हाती होतं. तरी त्या म्हणाल्या, "रागवा नंतर, आबासाहेब. आधी कुणी चाखलं का, ते सांगा."

सखाराम पुटपुटला, "मीठ पाह्यासाठी मीच चाखं, ताई."

बोलता बोलताच त्याला उलटी झाली. आबासाहेबांच्याच जीपमधून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. वाटभर ताई त्याची मंद होत चाललेली नाडी धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला वाचवलं.

पुढच्या आठवड्यात आबासाहेब शाळेत आले. "फाटकाजवळची कण्हेर उपटून टाका."

"गावभर कुंपणांत आहे ती," ताई म्हणाल्या. "इथली उपटली, तर मुलींना ओळखायला कुठे शिकवू?"

आबासाहेबांनी फाटकाजवळ जाऊन तिची पानं निरखून पाहिली. मग म्हणाले, "बरं, मग आम्हालाही शिकवा." रविवारी ते गावातले आचारी घेऊन आले आणि सखारामच्या शेजारी बाकावर बसले. त्याच वर्षी ताई कायम झाल्या.

निवृत्तीनंतर ताई धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या. तिथे झालेली भेट आमची शेवटचीच ठरली. तेव्हा मी विचारलं, "ताई, ती फांदी दुसऱ्याच कशाची निघाली असती तर?"

त्या हसल्या. "तर काय, सगळ्यांची माफी मागितली असती आणि नवी वांगी भाजायला बसले असते."