मागचा उजवा स्पीकर

या ग्रुपवर मी चारेक वर्षं आहे, पण आजवर एकही पोस्ट टाकलेली नाही. नुसता वाचत असतो. खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. कोणाला चिंचेखाली बाई दिसते, कोणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... माझा धंदा आवाजाचा. 'खोलीत कोणीतरी कुजबुजतंय' असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी एसीचा डक्ट बघतो, मग अर्थिंग. दहातल्या दहा वेळा कुजबुज तिथेच सापडते. सापडायची, असं आता म्हणतो.

मी मूळचा भिवंडीचाच, धामणकर नाक्याजवळचा. आता काल्हेरला फ्लॅट घेतलाय. पूर्वी गावातल्या एका सिंगल स्क्रीन थिएटरात साउंडचं काम बघायचो. ते बंद पडलं, तिथे कापडाच्या गाठी आल्या, आणि मी लोकांच्या घरात होम थिएटर बसवायला लागलो. बारा वर्षं झाली.

सगळ्यांना एकच पाहिजे असतं – 'थिएटरसारखा आवाज'. त्यांना वाटतं मोठे स्पीकर घेतले की झालं. तसं नसतं. खरा खेळ वेळेचा असतो. समोरचा स्पीकर खुर्चीपासून बारा फुटांवर, मागचा सहा फुटांवर, तर मागचा आवाज कानात आधी पोहोचणार. मग त्याला किंचित थांबवून ठेवायचं, म्हणजे सगळे आवाज एकाच क्षणी खुर्चीत येतात आणि माणसाला वाटतं आपण त्या प्रसंगाच्या मधोमध बसलोय. त्यासाठी खुर्चीत माइक ठेवतात, प्रत्येक स्पीकरमधून 'टुऊऊईं' असा आवाज सोडतात, आणि मशीन अंतर मोजून सांगतं. एवढं समजलं तर पुढचं समजेल.

काल्हेरजवळच्या पूर्णा गावात हरेश्वर शेठ म्हणून एक गिऱ्हाईक होते. घरची शेती गोडाउनांखाली गेलेली, नवा बंगला बांधलेला. होम थिएटर त्यांना स्वतःसाठी नको होतं, वडिलांसाठी हवं होतं. बाबा ऐंशीच्या घरातले, कानाला मशीन, गुडघे गेलेले. तरुणपणी पिक्चरचे भयंकर शौकीन. आमच्या त्या बंद पडलेल्या थिएटरात बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसायचे म्हणे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "चारी अंगांनी आवाज यायला पायजे बग. पुडून येनारा आवाज तर टीव्हीपन देतो."

मला म्हातारा आवडला.

खोली तळमजल्यावर, बावीस बाय चौदा. खिडकी होती ती विटांनी बुजवली. भिंतींवर आवाज शोषणारं रॉकवूल, त्यावर दोन थर बोर्ड, त्यावर कापडी पॅनल. मागच्या रांगेसाठी लाकडी चौथरा, फूटभर उंच. दार अडीच इंची भरीव लाकडाचं, चारी कडांना रबर, आत उघडणारं. सुतारकाम माझे जुने जोडीदार अस्लमभाई करत होते. आतून भोंगा वाजवून आम्ही चाचणी घेतली होती – शेजारच्या स्वयंपाकघरात काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. मी फुशारकीने वहिनींना, म्हणजे शेठच्या बायकोला, म्हणालोही होतो, "आत कोणी बोंबलला तरी तुमची झोप मोडणार नाही!"

त्या दिवशी शुक्रवार होता. अस्लमभाई जुम्म्याच्या नमाजला गेले. शेठ ठाण्याला. मी मोजमापाला बसलो, दुपारचा एक वाजला असेल.

सात स्पीकरांपैकी सहांची अंतरं बरोबर आली. मागच्या उजव्याचं आलं – शून्य.

टेपने मोजलं तर तो खुर्चीपासून चांगला आठ फुटांवर. वायर बदलली. शून्य. डावा स्पीकर काढून उजवीकडे लावला. तरी उजव्या कोपऱ्यातच शून्य. मग लॅपटॉपवर वेगळ्या सॉफ्टवेअरने मोजलं. त्याने आकड्याआधी वजाचं चिन्ह दाखवलं. म्हणजे काय, तर आवाज स्पीकरमधून निघायच्या आधीच माइकपर्यंत पोहोचला होता. मी सॉफ्टवेअरला शिवी घातली.

तेवढ्यात बाबा काठी टेकत आत आले. "लाव काहीतरी. बसतो मी."

"बाबा, अजून मोजमाप चाललंय. बोलायचं नाही हां."

"न्हाय बोलत." पुढच्या खुर्चीत बसले. मी दार लोटलं. त्याला कडी-कुलूप काहीच बसवलेलं नव्हतं अजून, कुलपाच्या भोकात चिंधी कोंबलेली. आतून ओढायला नुसती एक मूठ.

पुन्हा आवाज सोडला आणि लाइट गेली.

शुक्रवारी भिवंडीतले पॉवरलूम बंद असतात, तेव्हाच लाइनची कामं निघतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावला, दाराशी गेलो, मूठ ओढली.

दार हललं नाही.

अडकलेलं दार कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे – जरा कुरकुरतं, एखादा कोपरा हलतो. हे तसं नव्हतं. भिंतीला मूठ ठोकलीय आणि मी भिंत ओढतोय असं. पाय चौकटीला लावून ओढलं. खिळे काढायची पहार फटीत घालून बघितली... फटच मिळेना. मोबाइलला रेंज नाही. ओरडलो. हाताने, पहारीने दार बडवलं. ओरडताना माझंच मला कळत होतं की काही उपयोग नाही – हा बंदोबस्त मीच केलाय.

एसी बंद. पॅनल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास एकदम जास्त यायला लागला.

"हरेसला हाक मार," बाबा शांतपणे म्हणाले.

"ते ठाण्याला गेलेत. येतील वहिनी... बसून राहा तुम्ही."

आणि तेव्हा मागच्या उजव्या कोपऱ्यातून कोणीतरी बोललं.

"बाबा, मशीन काढू नका कानातलं."

माझा आवाज. हुबेहूब. सर्दीने जरा बसलेला होता, तसाच. मी टॉर्च तिकडे फिरवला. स्पीकर, कापड, भिंत. मनात आलं, लॅपटॉपने मगाचचं काही रेकॉर्ड केलंय की काय? पण असलं मी काही बोललोच नव्हतो. टॉर्च बाबांकडे वळवला, तर घामाने निथळलेले बाबा कानामागचं मशीन उपसून काढत होते आणि ते हातातून पडणार होतं.

"बाबा, मशीन काढू नका कानातलं," मी म्हणालो.

म्हणालो, आणि मग कळलं काय म्हणालो ते.

बाबा वैतागून म्हणाले, "आत्ताच आयकला ना तुजा! न्हाय काढत."

मी तो स्पीकर खाली उतरवला. मागच्या दोन्ही वायरी उपटल्या, स्पीकर दाराजवळ नेऊन पालथा ठेवला. आता त्या कोपऱ्यात दोन उघड्या तारा लोंबत होत्या, बस्स. अॅम्प्लिफायर मेलेला. लाइटच नव्हती. मी पुन्हा मूठ धरली.

कोपरा ओरडला – "बाबा! डोकं! डोकं सांभाळा!"

विचार केलाच नाही. मागे वळून धावलो. बाबा कधी उठले, कधी चौथऱ्यावर चढले, मला माहीत नाही. वरून त्यांचा तोल जात होता आणि खाली माझा माइकचा लोखंडी स्टँड उभा होता. मी त्यांना काखेत धरलं तेव्हा तेच शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले. त्याच क्रमाने, त्याच किंचाळीने.

बाबा बेशुद्ध. श्वास चालू होता, पण घुरघुरत. त्यांना गालिच्यावर आडवं केलं, सदऱ्याची बटणं सोडली, पुठ्ठ्याने वारा घातला. मग पुन्हा दार. बोटांची सालं निघाली. दार तसंच.

शेवटी मी बाबांशेजारी जमिनीवर बसलो आणि त्या कोपऱ्याकडे कान लावला.

मी घाबरलो होतो, पण त्या आवाजाला नाही. तो आवाज यावा म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. कारण माझ्या डोक्याने हिशेब केला होता – हा कोपरा जे बोलतो ते मी नंतर बोलतो. तो गप्प आहे, म्हणजे पुढे मी काही बोलणारच नाही की काय? इथे? या खोलीत?

किती वेळ गेला सांगता येत नाही. टॉर्चने बॅटरी खाल्ली, मी तो बंद केला. काळोखात बाबांचा श्वास आणि माझा श्वास. रॉकवूलची खोली इतकी मुकी असते की स्वतःचं रक्त कानात वाहताना ऐकू येतं. हे मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत आलोय.

मग कोपऱ्यातून, हळू, रडवेल्या सुरात –

"वहिनी, पाणी... आधी पाणी आणा."

मला हुंदका फुटला. वहिनी! म्हणजे वहिनी येणार होत्या. मी बाबांचा हात धरून बडबडत राहिलो, "आल्या हां बाबा, आल्या..." आणि मनात एक हट्ट धरला. वेडेपणा वाटेल. ठरवलं, दार उघडलं की हे वाक्य बोलायचं नाही. 'दिवा आणा' म्हणायचं, 'डॉक्टरला बोलवा' म्हणायचं, वाट्टेल ते, पण हे नाही.

दार उघडलं. वहिनींनी एका हाताने लोटलं होतं, दुसऱ्या हातात चहाचा ट्रे. "सगल्यांचीच लाइट गेलीय, बोललं तुमाला च्या देऊन..." त्यांना बाबा दिसले. "अगो बाय! काय झायलं बाबांना?"

मी तोंड उघडलं. 'डॉक्टर' हा शब्द ओठांवर तयार होता.

"वहिनी, पाणी... आधी पाणी आणा."

बाबांना आम्ही उचलून बाहेरच्या ओट्यावर नेलं. वाऱ्यावर दहा मिनिटांत डोळे उघडले. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, बंद खोली, उकाडा, सोल्यूशनची वाफ, दोघांनाही चढली असणार. "असल्या वाफेने माणूस काहीही बघतो आणि ऐकतो." हे पटण्यासारखं आहे. मी स्वतःला तेच सांगितलं.

अस्लमभाई आले, एका बोटाने दार पन्नास वेळा उघडून-लावून बघितलं. "दरवाजा तो मक्खन है, भाई. हवा का प्रेशर बना होगा।" पण खोलीतली हवा ओढणारा पंखा लाइट गेल्यामुळे बंद होता. तेही त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत काम करताना दाराला विटा लावून ठेवायला लागले.

आठवड्याने मी बाबांना भेटायला गेलो. मोसंबी घेऊन. ते मजेत होते. शेठ उठून फोनवर गेले तसे बाबा माझ्याकडे वाकले.

"तुना एक इच्यारू? त्या दिवशी तू सगला दोनदोनदा का बोलत व्हतास?"

मी म्हटलं, "दोनदा?"

"एकदा तिकरून, एकदा इकरून. मना वाटला तुजी काय ती टेस्टिंग हाय." आणि हसले. "आवाज मातर झकास व्हता. अगदी चारी अंगांनी."

त्यांना वाफ चढली असेल. पण दोघांना एकच भास, शब्द न् शब्द तोच?

खोली पुरी करून दिली. मागच्या उजव्या स्पीकरचं अंतर आता नीट आठ फूट येतं. बाबा रोज दुपारी पिक्चर बघतात, शेठ खूश आहेत. पुढच्या प्रत्येक कामात मी दाराला काचेची पट्टी आणि आतून बेल लावतोच, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. तो लॅपटॉप दोन जाणकारांना दाखवला. ते वजाचं चिन्ह कसं आलं, कोणाला सांगता आलं नाही.

एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही, ती इथे सांगतो. इथे मला कोणी ओळखत नाही.

बाबांना उचलून आम्ही दाराबाहेर पडत होतो. वहिनी पायांकडे, मी डोक्याकडे. माझी पाठ खोलीकडे होती. आणि त्या कोपऱ्यातून, माझ्याच आवाजात, अगदी साधेपणाने, कोणाला तरी सांगितल्यासारखं आलं –

"मला ऐकू येत नाहीये."

वहिनींना ऐकू गेलं नाही. बाबांची शुद्ध हरपलेली. फक्त मी ऐकलं.

त्या दिवसानंतर तीनदा कान तपासून घेतले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, या वयाला इतके चांगले कान क्वचित असतात. कशाचा संबंध कशाशी, त्या कोपऱ्यात काय होतं, मला खरंच माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर लिहा.

ते वाक्य मी अजून बोललेलो नाही. किती साधं वाक्य आहे बघा – मोबाइलची रेंज गेली की माणूस दिवसातून चार वेळा सहज बोलून जातो. मी बोलत नाही. पलीकडचा आवाज तुटायला लागला की काही न बोलता फोन कट करतो, आणि परत लावतो.