बैलांसाठी ठेवलेली जागा

निपाणीजवळ आम्ही ज्यांचं रान अर्ध्या वाट्यानं करतो, ते वकील बेळगावात राहतात. कॉलेजात असताना त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळेच झालो.

यंदा माती वाहून जाऊ नये म्हणून रानात झाडं लावणाऱ्या मालकांना सरकारी अनुदान मिळणार होतं. वकीलसाहेबांचा निरोप आला आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खड्डे काढले. दोन ओळींमध्ये पेरणीची कुरी ओढत बैलजोडी जाईल एवढी जागा सोडली. झाडं लावली तरी मधे भुईमूग पेरायचाच, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

वकीलसाहेब पाहणीला अधिकाऱ्यांना घेऊन आले. अधिकारी म्हणाले, "अंतर लई झालं. मधे आणखी एक ओळ घ्या, तरच अनुदान बसतंय."

आप्पा हसले. "मग कुरी कुठनं जायाची, सायेब?"

"कुरी कशाला आता, मामा?" वकीलसाहेब म्हणाले. "पेरणी बंदच की."

ते अगदी सहज बोलले. आम्हाला हे ठाऊक असणार, असंच त्यांना वाटत होतं. 'मग आम्ही काय करायचं?' हे ओठांवर आलं होतं, पण ज्यांच्या घरी तीन वर्षं जेवलो, त्यांना हे कसं विचारायचं?

आप्पांनी कुदळ उचलली आणि ते बैलांच्या वाटेत उभे राहिले.

"इथं घेऊ, का जरा अलीकडं?" त्यांनी विचारलं.