कॅसिनोच्या परीक्षेचे दोन दिवस

त्या हॉटेलात कॅसिनो नव्हताच. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यावर शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला लिफ्टमध्ये गाठून "काय मग, किती जिंकलात?" म्हणून भंडावून सोडलं होतं. खरा कॅसिनो रास अल खैमाला समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर बांधला जातोय. आम्ही राहिलो ते त्याच्या बरंच अलीकडचं, हायवेला लागून असलेलं स्वस्तातलं हॉटेल. कॅसिनोच्या टेबलावर पत्ते वाटणारी माणसं निवडायला एका एजन्सीने तिथला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल घेतला होता, म्हणून टॅक्सीवाले त्यालाच कॅसिनोवालं हॉटेल म्हणायला लागले होते. रात्रीचे एकशे तीस दिरहम, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वरच गेले की. त्या भावात जे मिळायचं ते मिळालं. दोन पलंग, एक किटली आणि खाली बार.

परीक्षा माझ्या मुलाची होती. चोवीस वर्षांचा घोडा, त्याच्यासोबत आई कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर साहेब ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये तीनदा नापास झालेले आहेत, गाडी मी चालवते, आणि सकाळी आठला हजर राहायचं तर आमच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे घरी बसून माझा जीव थाऱ्यावर राहिलाच नसता.

दीड महिन्याने त्याला पंचवीस पूर्ण होणार होती. इथे मुलगा पंचवीसचा झाला की बापाच्या व्हिसावर राहू शकत नाही. स्वतःची नोकरी हवी, स्वतःचा व्हिसा हवा, नाहीतर खलास, बॅग भरा. हॉटेल मॅनेजमेंट शिकून वर्षभर तो अर्ज टाकत होता आणि एकही गोष्ट जमत नव्हती. जन्म इथला, शाळा इथली, मित्र इथले. भारत म्हणजे त्याच्या लेखी जुलैतले पंधरा दिवस, डास आणि बिघडलेलं पोट. तिथे एकटा जाऊन तो करणार काय, राहणार कुणाकडे, या विचाराने मला घास गिळवेनासा झाला होता. बोलावणं आलं ते या एकाच जागेचं.

त्याचे बाबा हमरियाला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. कॅसिनो शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "माझा मुलगा जुगाराच्या अड्ड्यावर बसणार?" म्हणाले. मी म्हटलं, "बसणार नाही, उभा राहणार. आणि तुमच्याकडे दुसरं काही असेल तर काढा." त्यानंतर ते आम्हा दोघांशीही बोलेनासे झाले. आम्ही निघालो तेव्हा पेपर तोंडासमोर धरून बसले होते. तोही कालचा.

पहिल्या दिवशी सकाळी ब्रेकफास्टच्या टेबलावर मी वाटीतलं दही घेऊन, साखरेची पुडी फोडून त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आजूबाजूला सगळी परीक्षेची मुलं, फिलिपिनो, नेपाळी, कुठकुठली. हा लाजून लाल. "आई, प्लीज, पीपल आर वॉचिंग." म्हटलं, वॉच करू देत, तू चाट. त्याने चाटलं, हात धुतला आणि वर गेला.

मग मी काय करणार? रूममध्ये गेले, दोन्ही पलंगांच्या चादरी ओढून नीट केल्या. खाली आले. पार्किंगमध्ये जाऊन गाडी बघून आले, जशी काही ती पळूनच जाणार होती. पुन्हा वर. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून हॉलच्या बंद दारापाशी कान दिला, तर आतून नुसता चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरतात त्या चकत्या, एकमेकांवर पडल्याचा आवाज. चौथ्यांदा खाली आले तेव्हा रिसेप्शनवरचा मल्याळी पोरगा म्हणाला, "मॅडम, आप बैठ जाओ ना, मेरेको चक्कर आ रहा है." बसले. पाच मिनिटं बसले असेन.

दुपारी दोनला तो आला. चेहरा उतरलेला. मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तर हात लावेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. हिशेब चांगला आला, पत्ते पिसणं चांगलं आलं. अडलं ते देण्याघेण्यात. टेबलाच्या उजव्या बाजूला बसलेल्यांना उजव्या हाताने द्यायचं, डाव्या बाजूच्यांना डाव्या हाताने. हा सगळ्यांना उजव्यानेच देत होता. डावीकडच्या माणसासाठी उजवा हात अख्ख्या टेबलावरून आडवा न्यायचा. तसं केलं की उजवीकडच्यांकडे पाठ होते, त्यांच्यासमोरच्या चिप्सवरची नजर सुटते. कॅसिनोत ते चालत नाही. शिकवणाऱ्याने दहा वेळा टोकलं, शेवटी सांगितलं की उद्या सकाळी आणखी एक संधी, पुन्हा हात आडवा गेला तर घरी जायचं.

"आय नो इट इन माय हेड," तो म्हणाला. "पण हात जातच नाही. इट फील्स रूड."

हात का जात नाही ते मला माहीत होतं. त्याला नव्हतं.

तो जन्माचा डावखुरा होता. खुळखुळा डाव्या हातात, चमचा डाव्या हातात, भिंतीवरच्या रेघोट्या डाव्या हाताने. अडीच-तीन वर्षांचा असताना गणपतीत आमच्या मराठी मंडळींच्या आरतीला त्याने प्रसादासाठी डावा हात पुढे केला आणि एक बाई हसून म्हणाल्या, "आईने शिकवलं नाही वाटतं?" एवढंच. पण मी नवी होते, देश परका, चार मराठी घरं तीच काय ती आपली. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना त्याच्या डाव्या हातावर पायमोजा चढवून मनगटाशी बांधायला लागले. डाव्याने काही दिलं की हातावर चापट. त्याचे बाबा म्हणायचे, "राहू दे गं, काय बिघडतंय?" मी नाही राहू दिलं. वर्षभरात हात सुधारला, आणि मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगत असे. पुढे विसरूनही गेले.

आता हे त्याला सांगावं की नाही? उद्या परीक्षा, त्यात हे डोक्यात घालून देऊ? गप्प बसले. म्हटलं, "ऊठ. पत्ते काढ."

खोलीतलं टेबल मध्ये ओढलं. चिप्स म्हणून किटलीपाशी ठेवलेल्या साखरेच्या आणि कॉफीच्या पुड्या. मी त्याच्या डाव्या अंगाला पलंगावर बसले. पहिल्यांदा त्याचा उजवा हात आडवा आला. दुसऱ्यांदाही उजवाच. तिसऱ्यांदा त्याने दात आवळून डाव्या हाताने पुड्या माझ्याकडे सरकवल्या, आणि काय सांगू, माझाच हात झटकन उचलला गेला. चापट मारायला. अधांतरीच आवरला मी तो. त्याने डोळे किंचित मिटून घेतलेले मी पाहिले. एवढा मोठा बाप्या, पण हाताला सगळं आठवत होतं.

मला स्वतःचा इतका राग आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"डाव्यानेच दे," मी म्हटलं. "आज सगळं मला डाव्याने दे. पाणी दे, चटणी दे, मोबाईल दे."

"आर यू शुअर?"

"यल्ला, चल, दे म्हणते ना."

मग दिलं त्याने. आधी अडखळत, मग कमी अडखळत. पाणी सांडलं, चटणी चादरीवर पडली. मी दर वेळी "शाब्बास" म्हणत होते, घसा कोरडा पडेपर्यंत. तासाभराने बोटं सैल झाली, आणि मग तो हात जे काही करायला लागला ते मी बघतच राहिले. पुड्यांची चळत एका बोटाने बरोब्बर मधोमध दुभंगायची, कडेला कड लागायची. उजव्या हाताला इतकं सफाईदार कधी जमलं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही खेळत होतो. त्याला मजा यायला लागली होती. मला रडू येत होतं, म्हणून मी सारखी उठून पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी लॉबीतून हललेच नाही. पाय मात्र एका जागी राहीनात. सोफ्यावर बसल्या बसल्या चप्पल घासत होते. एकेक करत मुलं लिफ्टमधून येत होती. काहींच्या हातात कागद असायचा, काहींच्या नुसतीच बॅग, आणि बॅगवाली मुलं सरळ दाराबाहेर जायची. हा आला साडेअकराला. हातात कागद होता.

"ऑफर," एवढंच म्हणाला आणि माझ्या शेजारी बसला. व्हिसा, राहणं, ट्रेनिंग, सगळं त्यात होतं. सही करून अर्ध्या तासात वर द्यायचा होता. मी तो कागद दोनदा वाचला, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. तो हसत सांगत होता, "यू नो व्हॉट ही सेड? तुझा डावा हात उजव्यापेक्षा चांगला आहे. लेफ्टी आहेस का विचारलं. आय सेड, नेव्हर."

आता गप्प बसणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं होतं.

"होतास," मी म्हटलं. "मी मोडला तो हात." आणि सगळं सांगितलं. पायमोजा, चापटा, ती बाई, सगळं. मला वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"पण व्हाय, आई?"

"लोक मला नावं ठेवतील म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतंच.

त्याने खिशातून ब्रेकफास्टचं कुपन काढलं, उलटं केलं आणि डाव्या हातात पेन धरून त्यावर आपलं नाव लिहायला लागला. तीन अक्षरं झाली. बालवाडीतल्या मुलाची असतात तशी, वाकडी, एक मोठं, एक लहान. तो त्यांच्याकडे बघत बसला. मग पेन उजव्या हातात घेऊन त्याने ऑफरवर सही केली.

"बाबांना फोन कर," तो म्हणाला, स्वच्छ मराठीत. "सांग, मी राहतोय."

मी फोन लावला. पलीकडून हे "हॅलो, हॅलो" करत होते. "राहतोय तो," मी म्हटलं.