काकूंनी टीव्हीवर बघितलेल्या रेघा

टीव्ही काळा झाला आणि माझ्या हातातला रिमोट घामानं निसटून खाली पडला. आत्तापर्यंत चांगला तो कोट घातलेला माणूस अरबीत बोलत होता, त्याच्या मागं हिरवं हिरवं दिसायला लागलेलं, काकू उशीवरनं मान उचलून म्हणाल्या, "आल्या गो, आल्या," आणि तेवढ्यात खलास. नुसतं काळं. मधे पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी, वर अरबी, खाली इंग्रजी. मला वाटलं मीच काहीतरी भलतं बटण दाबलं, म्हणून मी सगळीच बटणं दाबली. उंटांच्या शर्यती लागल्या, कुणीतरी केक भाजत होतं ते लागलं, मग एकदम हवामान. फिरून त्या नंबरवर आले तर परत काळं. परी म्हणते, "मम्मा, टीव्ही स्लीपिंग." मी आठवीतनं घरी बसलेली, इंग्रजी एकेक अक्षर जोडून लावते, पण त्या वेळेला पहिल्या अक्षराच्या पुढंच जाईना. काकू खुब्याचं हाड मोडून पलंगावर, घरात दुसरं कुणी नाही, आणि माझ्या डोक्यात एकच, की आता काकांना मी काय सांगू?

फुटबॉलच्या मैदानावर अख्खी नोकरी काढून एकदाही बॉलकडे न बघितलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. शेजारच्या म्हणजे आमच्याच फ्लॅटमधल्या. इकडं आखातात, मुहैस्नाला, मजुरांच्या कॅम्पच्या अलीकडं आमची बिल्डिंग आहे, फ्लॅट एक, खोल्या दोन, एकीत आम्ही तिघं, दुसरीत काका, आणि किचन सगळ्यांचं. काका रत्नागिरीकडचे, काम क्लबच्या स्टेडियममध्ये, मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचं. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आणि दोरीच्या कडेनं ती रंगाची गाडी ढकलत न्यायची. गाडी ढकलताना श्वास सोडायचा नाही म्हणे, सोडला की हात हलतो. मी एकदा विचारलं, "काका, एवढी लांब रेघ, आणि श्वास?" तर म्हणाले, "सवय लागते गो. तुम्ही बायका नाही का सुईत दोरा घालताना धरत?"

मॅच म्हणजे त्यांना शत्रू. इतकं सकाळपासनं राबून काढलेलं, आणि संध्याकाळी बावीस धटिंगण येऊन वर नाचणार. आमचे हे, म्हणजे परीचे पप्पा, फुटबॉलचे वेडे, साइटवरनं आले की विचारायचे, "काका, आज कोण जिंकलं?" काका म्हणायचे, "ते नाय माहीत, पण सात नंबरवाल्याला वळण नाही. गोल मारला की गुडघ्यावर घसरत कोपऱ्यात जातो. माझा पाव गोल पुसला त्यानं." कोपऱ्यातल्या त्या छोट्या वाकड्या रेघेला ते पाव गोल म्हणायचे, मधल्या मोठ्याला नुसतं वर्तुळ, आणि ते वर्तुळ म्हणजे त्यांचं पोटचं पोर. मध्यावर खुंटी, तिला दोरी, आणि आपण दोरी ताणून गरागरा फिरायचं. सुरू केलं तिथंच येऊन टेकलं पाहिजे. "टेकलं की कसं वाटतं सांगू?" म्हणायचे, आणि मग सांगायचेच नाहीत, नुसते हसायचे.

पण हे मैदानावर संपलं असतं तर ठीक होतं. घरी आल्यावरही त्यांना वाकडं सोसायचं नाही. मी परीचा भांग पाडला की काका दारातनं एक डोळा मिटून बघणार. "सूनबाई, डावीकडं झुकतोय." मी परत पाडणार. परत एक डोळा. शेवटी एक दिवस शिवणाचा दोरा घेऊन आले आणि पोरीच्या डोक्यावर ताणून धरला, म्हणाले, "आता पाड." परी हलायला नाही काही नाही, मूर्तीसारखी बसली. माझ्याकडं कधी बसत नाही. माझी चपाती बघून म्हणायचे, "ही कुठल्या देशाचा नकाशा?" एकदा मला पहिल्यांदाच रस्ता ओलांडून बाजारात घेऊन निघाले, कारण मी एकटी बाहेर पडत नाही, मला इथल्या रस्त्यांचं भ्या वाटतं, गाड्या अंगावर येतात असं वाटतं. तर सिग्नल हिरवा झाला आणि काका तिथंच उभे, खाली बघत. पांढऱ्या पट्ट्यांची कड फाटलेली होती ना. "रोलरनं मारलंय. दोरी लावली नाही." मी म्हणते काका चला, यल्ला, चला, सिग्नल गेला परत लाल झाला. पण एक सांगते, त्या दिवशी मला भीती वाटली नाही. भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

किचनच्या ओट्यावर त्यांनी मधोमध पांढरी चिकटपट्टी मारलेली. त्यांची बाजू, आमची बाजू. "भांडण नको, म्हणून रेघ," असं म्हणायचे. आणि रविवारी सुरमईचं कालवण केलं की स्वतः त्यांच्या बाजूला उभे राहून, पाय जरासुद्धा इकडं न टाकता, हात लांब करून वाटी माझ्या बाजूला ठेवायचे. "रेघ ओलांडली नाही हां मी." आमचे हे कामाला गेले की दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारी माणसं म्हणजे एक परी, ती पण आता इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि एक ती वाटी.

काकू आल्या त्या आयुष्यात पहिल्यांदा. सगळा संसार गावाला एकटीनं केला, काका वर्षाआड महिन्याभरासाठी जायचे. आता बोलावलं कारण काम संपत आलं होतं. क्लब नकली गवत टाकणार, त्यात रेघा आधीच विणून येतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते त्या गवताचा तुकडा घरी घेऊन आले, बोटानं ती विणलेली रेघ चाचपली आणि म्हणाले, "सरळ आहे." एवढंच. त्या दिवशी जेवले नाहीत. मग ठरवलं, शेवटच्या मॅचला काकूंना स्टेडियममध्ये न्यायचं. फोटो कधी दाखवला नव्हता त्यांनी. फोनमध्ये रेघ वाकते, असं त्यांचं म्हणणं. वरनं बघायला पाहिजे, उंचावरनं. आणि काकू आल्या त्याच आठवड्यात बाथरूममध्ये घसरल्या, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, हलवायचं नाही.

"मग टीव्हीवर बघू दे तिला," काका म्हणाले. "टीव्हीचा कॅमेरा सगळ्यात वर असतो."

तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना तो नियम सांगितला. मला पण तेव्हाच कळलं. स्टेडियम भरलं नाही तर आमच्या भागात मॅच टीव्हीवर दाखवतच नाहीत. दुसऱ्या गावात दिसते, इथं नाही. घरी बसून दिसलं तर तिकडं जाणार कोण, असा त्यांचा हिशोब. आणि ते स्टेडियम कधी भरायचंच नाही. काकांना इतक्या वर्षांत पत्ता नव्हता, त्यांना वाटायचं घरोघरी लोक रेघा बघतायत. मग म्हणाले, "भरत नाही म्हणजे? आवतण दिलंय का कुणी?"

आणि काका आवतण द्यायला निघाले. खरंच सांगते. वाटीत तांदूळ घेतले, काकूंकडनं पडल्या पडल्या कुंकू लावून घेतलं, आणि बिल्डिंगमध्ये दार न् दार. हातावर अक्षता ठेवायच्या आणि हात जोडायचे, "संध्याकाळची मॅच आहे, सहकुटुंब सहपरिवार यायचं, आहेर आणू नये." कॅम्पमध्ये गेले, तिथं आमच्याकडची पोरं भरपूर, कुणी खेडचं, कुणी गुहागरचं, त्यांच्या हातावर अक्षता पडल्या तर काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, इथं कोण कुणाला आवतण देतं? कोपऱ्यावरच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, केरळच्या चाचानं तांदूळ तोंडात टाकले आणि विचारलं, "कच्चा है?" बसच्या ड्रायव्हरला दिल्या. ज्या डॉक्टरनं हलवू नका म्हणलं त्यालापण दिल्या. लोक येतील का अशी मला धाकधूक, तर काकांनी वर जोडलं, "आणि जेवूनच जायचं हां, पुलाव सांगितलाय." कॅम्पच्या मेसवाल्याला सांगून खरंच सांगितला होता.

त्या दिवशी निघताना इस्त्रीचा शर्ट. काकूंची उशी उंच केली, टीव्ही सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं, आणि मला म्हणाले, "सूनबाई, तू हिच्याजवळ थांब. काय दिसतं ते नीट बघून ठेव, हिला चष्म्यातनं कमी दिसतं. मला मागनं सगळं सांगायचं." काकूंना म्हणाले, "अगो, आधी वर्तुळ बघ. बाकीचं नंतर." काकू म्हणाल्या, "जावा आता, रंग सुकेल." लाजल्या होत्या. या वयात.

तर आता तो काळा टीव्ही. मी ह्यांना फोन लावला, पाठीमागं नुसता गोंधळ, ढोल वाजत होता. मी ओरडले, "अहो, इथं काहीच दिसत नाही!" हे म्हणाले, "काय सांगतेस? अगं इथं मुंगी शिरायला जागा नाही!" मग म्हणाले थांब, मग बराच वेळ काही नाही, मग आले ते आवाज पडलेला. गेटवरच्या माणसाला विचारून आले. आत आलेल्या माणसांची मोजणी मॅचच्या कितीतरी आधी बंद होते, तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आपली माणसं सगळी मागनं आली. अक्षता मिळाल्या होत्या ना त्यांना, मग आपल्यात लग्नाला मुहूर्तावर कोण जातं? जेवणाच्या टायमाला जातात. गेले बरोबर जेवणाच्या टायमाला, नवे कपडे घालून, पावडर लावून, गेटवर पुलावाचा वास घेत, "लागलं का लग्न?" म्हणून चेष्टा करत आत शिरले. तोपर्यंत इथं खलास.

"काकांना माहितीय?" मी विचारलं.

"नाही गं. ते खाली मैदानाच्या कडेला उभे आहेत. वर बघतायत, सगळं भरलेलं. सगळ्यांना हात करतायत. मी कसं सांगू? तू सांग आल्यावर."

मी सांगू! मी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि मी सांगू.

इथं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, म्हणून ह्यांनी एक व्हिडिओ काढून पाठवला. त्यात पुढच्या माणसाचं डोकं, डोक्यावर भगवा फेटा, आणि फेट्याच्या कडेला थोडं हिरवं. मी तो काकूंच्या पुढं धरला. त्यांनी तोंड फिरवलं. "नको गो. फोनमध्ये बघू नको म्हणलेत ना ते." मग मला रडू आलं, परी पण बघून रडायला लागली, आणि काकूच म्हणाल्या, "बस इथं. टीव्ही राहू दे चालू. ते आले तर बंद कशाला दिसायला हवा?" आम्ही बसलो. काळ्या काचेत आम्हीच दिसत होतो, पलंग, काकू, मी, मांडीवर परी. सगळी मॅच आम्ही अशी बघितली; ती संपल्यावर मग तो कोटवाला परत दिसायला लागला.

काका आले ते चप्पल न काढता थेट खोलीत. शर्टावर पांढरा रंग, चेहरा असा की मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. "अगो, भरलं! सगळं भरलं! बघितलंस?"

आणि काकू म्हणाल्या, "बघितलं की."

मी रिमोट उशीखाली सरकवला.

"वर्तुळ?"

"आधी तेच बघितलं. कुठनं सुरू केलंत आणि कुठं टेकवलंत, कळत नव्हतं."

काका खाली बसले, पलंगाच्या पायापाशी. परीनं तोंड उघडलं, "आजोबा, टीव्ही वॉज..." आणि मी डब्यातलं बिस्कीट तिच्या तोंडात घातलं. काकूंचा हात चादरीखालनं माझ्या मनगटावर आला, इतका घट्ट, आजारी बाईचा वाटेना. काका माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू सांग. तुझे डोळे तरणे. कशा होत्या?"

मी कधी ते मैदान बघितलेलं नाही. अजून बघितलं नाही. मी म्हणलं, "काका, परीचा भांग तुम्ही दोरा धरून पाडला होता ना, तशा."

काकूंचं खुब्याचं हाड जुळल्यावर दोघं गावाला गेले. त्यांच्या खोलीत आता दुसरे लोक आलेत, तेलुगू आहेत, चांगले आहेत, पण त्यांची भाषा मला येत नाही. ओट्यावरची पट्टी कशाची ते त्यांना माहीत नाही, त्यांचे डबे इकडं येतात. मी पट्टी पुसून पुसून पांढरी ठेवते आणि माझ्या बाजूला उभी राहते. रविवारी हात तिकडं जातो. मॅच असली की मी ते चॅनल लावते. स्टेडियम भरत नाही. काळं येतं.

काकांचा फोन येतो मधनं मधनं, रविवारचा. गावात कुणीतरी पारावर बसलेलं असतं, काका स्पीकर लावतात, "हिनं बघितलंय टीव्हीवर, आमच्या हिच्याबरोबर. सांग गो सूनबाई यांना." आणि मी सांगते. दर वेळेला थोडं जास्त सांगते. वर्तुळ कसं होतं, चारी पाव गोल कसे होते, सात नंबरवाला घसरला तरी रेघ कशी तशीच राहिली. मागच्या वेळेला माझं सांगून झालं, लोक उठून गेले असतील, तिकडं शांत झालं, आणि काका हळू आवाजात म्हणाले, "बरोबर. असंच असेल ते." असंच होतं, असं नाही म्हणाले. असेल म्हणाले. मी फोन ठेवला नाही. ते पण फोन ठेवेनात. मागनं काकूंची हाक आली, "अहो, जेवायला."

पुढच्या रविवारी परत फोन येईल, परत म्हणतील, सांग गो सूनबाई. तुम्ही असता माझ्या जागी, तर काय केलं असतं?