बेल्टची क्लिप

देवासला जुन्या गाड्यांच्या बाजारात मी आणि बायको गाडी बघत होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक गाडीचं पुढचं दार उघडून आत वाकायचे, काहीतरी उपटून खिशात टाकायचे आणि दार अगदी हळू लावायचे, जणू आत कोणी निजलंय. चालताना त्यांचा खिसा खुळखुळायचा. मला ते चोरच वाटले.

आम्हाला पसंत पडलेल्या गाडीतही ते वाकले, तेव्हा मी हटकलं, "काका, काय काढलंत?"

त्यांनी मूठ उघडली. बेल्ट लावला नाही की गाडी टूं-टूं करते. ते बंद व्हावं म्हणून बेल्टच्या खाचेत खोचतात ती पत्र्याची क्लिप होती. आमच्याकडे बहुतेक सगळेच खोचतात.

"मराठी दिसता," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे भिया, घेऊन टाका. हे तेवढं माझ्याकडे राहू द्या."

"पण कशाला?"

"मुलाचं डोकं उठायचं त्या आवाजानं. मीच आणून लावली होती. भोपाळ रोडवर गाडी उलटली, तो काचेतून बाहेर फेकला गेला. क्लिप जागच्या जागी होती."

एवढं बोलून ते पुढच्या गाडीकडे गेले.

आम्ही गाडी घेतली. दलालानं हार घातला, नारळ फोडला. मी चावी फिरवली आणि बेल्ट ओढायच्या आतच गाडी ओरडायला लागली. दलाल धावत आला. त्यानं खिडकीतून हात घालून नवी कोरी क्लिप खाचेत बसवली आणि हसून म्हणाला, "ये अपनी तरफ से, भिया."

गाडी गप्प झाली.